आठ पॉइंट सात टक्के

"मॅडम, खाली सांगलीचे एक गृहस्थ आलेत. नेथन ब्रुक्स साहेबांना भेटायचंय म्हणतात," वॉचमन फोनवर म्हणाला. "आपल्याकडं असे कोण साहेब आहेत?"

"कोणी नाहीत," मी म्हटलं. मग जरा विचार करून म्हटलं, "थांबा, त्यांना बसवा. पाणी द्या."

नेथन ब्रुक्स मीच होते.

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. पुण्यात वाकडला, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या दोन मजल्यांवर आमची कंपनी होती. जगभरच्या बाजारपेठांचे अहवाल लिहिणं हा आमचा धंदा. बोटींचे नांगर, कोळंबीचं खाद्य, लिफ्टची बटणं, जगात जे जे विकलं जातं त्याची आज उलाढाल किती आणि सात वर्षांनी किती होईल, हे आम्ही खालून येणाऱ्या जिलेबीच्या वासात बसून सांगायचो. वेबसाइटवर पत्ता न्यूयॉर्कचा होता. अहवालावर लेखक म्हणून गोऱ्या साहेबाचं नाव असायचं. वृषाली जमदाडे, मुक्काम पोस्ट तासगाव, हिनं लिहिलेला अहवाल चार हजार डॉलरला कोण घेणार, असं आमच्या उपासनी सरांचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर मीसुद्धा घेतला नसता.

त्यातही गंमत अशी, की बहुतेक अहवाल लिहिलेलेच नसायचे. आधी वेबसाइटवर जाहिरात टाकायची: अमुक पानं, अमुक तक्ते, इतके टक्के वाढ. कोणी मागणी नोंदवली तर मग लिहायला बसायचं आणि ग्राहकाला कळवायचं, की ताजी आकडेवारी घालून आठ-दहा दिवसांत पाठवतो. आचाऱ्यानं पाटावर पाहुणा बसल्यावर तांदूळ निवडायला घ्यावेत तशी तऱ्हा. "जगातली डिजिटल रेडिओची बाजारपेठ" हा अहवाल वर्षभर नुसता जाहिरातीतच होता. एके दिवशी अचानक त्याला गिऱ्हाईक आलं, सरांनी नऊ दिवसांची मुदत दिली आणि तो माझ्या गळ्यात पडला. मी तोवर डिजिटल रेडिओ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. अजूनही फारसा पाहिलेला नाही.

वाढीचा आकडा जाहिरातीत आधीच छापलेला होता, आठ पॉइंट सात टक्के. तो सरांचा. त्यांचा नियमच होता: "पाचाच्या खाली गेलीस तर ग्राहक रडतो, पंधराच्या वर गेलीस तर हसतो. आणि पूर्ण आकडा कधी द्यायचा नाही. नऊ म्हटलं की अंदाज वाटतो, आठ पॉइंट सात म्हटलं की अभ्यास वाटतो." मला फक्त त्या आकड्याच्या मागे एकशे बारा पानं उभी करायची होती.

ती उभी केली, अहवाल गेला, आणि दीड महिन्यानं वॉचमनचा हा फोन आला. मी धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. उपासनी सर म्हणजे शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचीही पाचावर धारण बसली.

"ग्राहक? इथे? त्याला इथला पत्ता कुणी दिला?"

"बिलावर आहे सर. ग्राहक भारतातला होता म्हणून कराच्या नियमानं खरा पत्ता टाकावा लागला."

"भारतातला कुठला?"

"सांगलीचा. कुपवाड एमआयडीसी."

सरांनी डोळे मिटले. आमच्या धंद्यातला ग्राहक म्हणजे ईमेलमधलं नाव. तो जिना चढून वर येऊ शकतो, हे आमच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

"हे बघ वृषाली," ते म्हणाले, "ब्रुक्स नॉर्वेला गेलेत. तिथे एफएम बंद करून डिजिटल आणायचं चाललंय, म्हणजे शोभतं. तू त्यांची मदतनीस. मी बोलीन, तू मान हलवायचीस. आणि एक लक्षात ठेव, शुक्रवारी तुझं कायम होण्याचं पत्र निघायचंय."

हे त्यांनी न सांगताही माझ्या लक्षात होतं. सहा महिने मी त्या पत्रासाठीच जगत होते. आईनं तर गल्लीत सांगूनही टाकलं होतं, की आमची पोरगी पुण्यात अमेरिकन कंपनीत पर्मनंट झाली. अशा रीतीनं मी माझीच मदतनीस होऊन बैठकीच्या खोलीत जाऊन बसले.

आलेला माणूस साठीचा होता. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी.

"भूपाल मगदूम," त्यांनी हात जोडले. "मगदूम प्लास्टिक, कुपवाड. ब्रुक्स साहेब न्हाईत का?"

"नॉर्वेला आहेत," सर म्हणाले. "या वृषाली जमदाडे. अहवालात त्यांना यांनी मदत केली."

"जमदाडे म्हंजे कुठले?"

"तासगाव," मी म्हटलं.

"अरे वा! मग आपल्याच हायत की. सांगायचं मग आधी!" ते एकदम मोकळे हसले. मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

त्यांनी पिशवीतून अहवाल काढला. मी तो फक्त संगणकावर पाहिला होता. त्यांनी सगळा छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणला होता. पानांतून उदबत्तीच्या पुड्याच्या पुठ्ठ्याच्या खुणा बाहेर आल्या होत्या, वीस-पंचवीस तरी. समासात निळ्या पेनानं मराठीत बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं होतं. मी लिहिलेलं इतकं मन लावून आजवर कोणीच वाचलं नव्हतं. मी स्वतःही नाही.

"मला इंग्लिश तेवढं जमत न्हाई," ते म्हणाले. "धाकटी मुलगी बी.कॉम.ला हाय, तिनं वाचून दाखवलं. रोज रात्री जेवण झालं की पाच पानं. बावीस-तेवीस दिवस लागले. आता कसं हाय बघा सर, माझा प्रश्न सोपा हाय."

प्रश्न खरोखर सोपा होता. सव्वीस वर्षं ते रेडिओची प्लास्टिकची खोकी बनवत होते, बाहेरचा डबा, बटणं, मागचं झाकण. हाताखाली चौतीस बायका. ट्रान्झिस्टर घेणारे कमी होत गेले तसं कामही आटलं. आता दोन वाटा होत्या. तासगावचा एक व्यापारी द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट मागत होता, दरसाल चाळीस हजार, लेखी द्यायला तयार. दुसरी वाट म्हणजे डिजिटल रेडिओची खोकी, आणि जमलं तर पुढे अख्खे रेडिओच. दोन्हींचे साचे वेगळे, दोन्ही महाग. एकच परवडणार होता. साचा चुकला तर कारखाना बंद.

"क्रेटमध्ये डोकं लागत न्हाई," मगदूम म्हणाले. "पण रेडिओवर माझा जीव हाय. तरी म्हटलं जिवावर धंदा करायचा न्हाई, जाणकाराला विचारायचं. म्हणून हे पुस्तक घेतलं."

सरांनी समाधानानं मान हलवली. मीही हलवली.

"फक्त पान सत्तेचाळीस समजलं न्हाई."

पान सत्तेचाळीस म्हणजे "ग्राहकांच्या सवयी". नऊ दिवसांत एकशे बारा पानं कोणी नव्यानं लिहीत नाही. आमच्याकडे जुना अहवाल उघडून त्यातल्या वस्तूचं नाव एका फटक्यात बदलायची पद्धत होती. डिजिटल रेडिओसाठी मी जो अहवाल उघडला, तो प्रौढांच्या डायपरचा होता. नावं सगळीकडे बदलली गेली. मजकूर वाचून दुरुस्त करायचा, तर सत्तेचाळीसाव्या पानाच्या वेळी बहुधा मला झोप लागली असावी.

मगदूमांनी खूण लावलेलं पान उघडलं आणि समासातलं आपलं मराठी वाचू लागले. "साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये डिजिटल रेडिओचा वापर सर्वाधिक. रात्रभर निर्धास्त झोप मिळते. हे पटलं. पण पुढं म्हणतात, आरोग्याच्या दृष्टीनं डिजिटल रेडिओ दर सहा तासांनी बदलावा. सहा तासांनी? अहो, एवढे रेडिओ आणायचे कुठनं?"

मी टेबलाकडे बघत राहिले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. पण सर डगमगले नाहीत.

"बदलावा म्हणजे कार्यक्रम बदलावा," ते म्हणाले. "सकाळची सभा, दुपारची सभा, असतात ना आपल्याकडे? सतत एकच ऐकलं की माणसाला उदास वाटतं. मानसिक आरोग्य. परदेशात फार विचार करतात त्याचा."

"अस्सं!" मगदूमांनी निळं पेन काढून ते लिहून घेतलं. "आणि हे, भारतात संकोचामुळं ग्राहक दुकानात डिजिटल रेडिओ मागायला लाजतो. लाजायचं कशापायी?"

"किंमत हो. मध्यमवर्गीय माणूस भाव विचारायला लाजतो."

"खरंय. आमच्यात पण लाजतात." तेही लिहिलं गेलं.

मला हसू येत होतं. खोटं कशाला बोलू, गालाच्या आतून चावून मी ते दाबलं. आणि मग मगदूमांनी पिशवीतून दुसरी वस्तू काढली, आणि माझं हसू गेलं.

तो रेडिओचा डबा होता. नुसता डबा, आत काहीच नव्हतं. बदामी रंगाचा, कडा गोल घासलेल्या, दोन मोठी बटणं, चिमटीत सहज धरता येतील अशी, आणि त्यांच्यावर बोटाला कळावेत असे उंच आकडे.

"साठीच्या वरचे लोक घेतात म्हटल्यावर बायकांनीच सुचवलं," मगदूम म्हणाले. "म्हणाल्या, आमच्या सासूला बारकं बटण दिसत न्हाई, मोठं करू या. हा नमुना हातानं घासून केलाय. चार दिवस चौघीजणी बसल्या होत्या." त्यांनी तो माझ्या हातात दिला. "ब्रुक्स साहेबांना दाखवायचा होता."

डायपरच्या अहवालावरून सांगलीतल्या चार बायकांनी रेडिओ घासून काढला होता. आणि तो सुरेख होता. मी तो हातात धरून बसले.

"आणि सर, मी नुसतं तुमच्यावर न्हाई हं थांबलो," मगदूम जरा मिश्कीलपणे म्हणाले. "चार ठिकाणी विचारून घ्यायची सवय हाय मला. पोरीनं इंटरनेटवर बघितलं. आणखी तीन कंपन्यांचे अहवाल हायत. एक म्हणतो आठ पॉइंट चार, एक आठ पॉइंट नऊ, एक आठ पॉइंट सहा. सगळे तुमच्या जवळपास! तेव्हा माझी खात्री पटली."

त्या तिन्ही कंपन्या पुण्यातच होत्या. एक तर आमच्या समोरच्या इमारतीत, तिचे लोक आणि आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायचो. आमची जाहिरात बघून त्यांनी आकडा उचलला होता आणि चोरी दिसू नये म्हणून पॉइंटनंतरचा अंक बदलला होता. सरांनी तरी आठ पॉइंट सात कुठून आणला होता? वर्षभरापूर्वीच्या समोरच्यांच्या जाहिरातीतून.

"बघा," सर म्हणाले, "स्वतंत्र संशोधनातून तेच निघालं."

एवढ्यात दार उघडून विक्रीवाला आत डोकावला. कुठल्या तरी परदेशी ग्राहकाचा फोन होता, लिफ्टच्या बटणांसाठी. सर उठले. जाताना माझ्याकडे एक नजर टाकून गेले, तिचा अर्थ शुक्रवार असा होता.

आम्ही दोघंच राहिलो. मगदूमांनी अहवाल मिटला आणि बाजूला सारला.

"पोरी, आता सर न्हाईत म्हणून विचारतो," ते हळू आवाजात म्हणाले. "हे टक्के-बिक्के राहू दे. तू आपल्या भागातली हायस. परवा मला त्या क्रेटवाल्याला होय-न्हाई कळवायचंय. तू सांग. क्रेट का रेडिओ?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी तासगावची. द्राक्षाच्या हंगामात आमच्याकडे क्रेट मिळत नाहीत म्हणून लोक भाज्यांच्या टोपल्या मागून आणतात, मारामाऱ्या होतात. माझा मामा दर वर्षी क्रेटसाठी मिरजेपर्यंत जायचा. आणि डिजिटल रेडिओ मागताना मी अख्ख्या आयुष्यात कोणाला ऐकलं नव्हतं, लाजून किंवा न लाजता. क्रेट. दोन अक्षरांचा शब्द.

"काका," मी म्हटलं.

ते पुढे झुकले. काचेच्या भिंतीपलीकडे सर फोनवर बोलत होते आणि माझ्याकडे बघत होते.

"काका, मध्यम ते दीर्घ पल्ल्याचा विचार केला, तर या क्षेत्रात संधी आहेत. अर्थात काही आव्हानंही आहेत. योग्य वेळी उतरणाऱ्यांना फायदा होऊ शकतो."

हे अहवालाच्या शेवटच्या पानावरचं वाक्य होतं. प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या पानावर तेच असायचं, कोळंबीच्यासुद्धा. यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी तेवढं म्हणू शकले. सरळ 'रेडिओ' म्हटलं असतं तर कदाचित माझं मलाच ऐकवलं नसतं.

"म्हंजे योग्य वेळी उतरायचं," मगदूम स्वतःशी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "मला पण तसंच वाटत होतं बघ. बरं झालं तुला विचारलं. हे सर लोक गोल गोल बोलतात, आपलं माणूस कसं, नेमकं सांगतं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बदामी डबा ब्रुक्स साहेबांसाठी ठेवून गेले. जाताना खालून पाव किलो जिलेबी घेऊन वॉचमनकरवी वर पाठवली. ऑफिसात सगळ्यांनी खाल्ली. मीही दोन खाल्ल्या.

शुक्रवारी पत्र मिळालं.

सहा महिन्यांनी डिजिटल रेडिओची दुसरी आवृत्ती काढायची ठरली. सरांनी ती मलाच दिली, आता मी त्या विषयातली जाणकार होते. भारताच्या प्रकरणात ताजं काहीतरी हवं होतं. मी शोधाशोध केली, तर सांगलीच्या एका वर्तमानपत्रात बातमी सापडली: कुपवाडच्या उद्योजकाची डिजिटल रेडिओच्या साच्यांत गुंतवणूक. फोटोत मगदूम नव्या यंत्राशेजारी उभे होते आणि मागे बायका ओळीनं उभ्या होत्या. मी ती बातमी अहवालात घातली. "स्थानिक उत्पादकांचा या क्षेत्रात प्रवेश हा मागणी वाढत असल्याचा ठोस पुरावा आहे," असं वाक्य लिहिलं. सर खूश झाले. वाढ नऊ पॉइंट एक केली. पंधरा दिवसांत समोरच्यांनी नऊ पॉइंट तीन केली. मला हे सगळं कळत नव्हतं असं नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असताना मी टाइप करत होते.

त्यानंतर वर्षभरानं दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"पोरी, मगदूम बोलतोय, कुपवाडचा. ओळखलंस न्हवं?"

"ओळखलं काका. कसे आहात?"

"बराय. कारखाना बंद केला बघ संक्रांतीला." त्यांनी हे तब्येतीचं सांगावं तसं सांगितलं. खोकी चांगली झाली होती, पण आत बसवायचा भागच इतका महाग, की रेडिओ मोबाइलपेक्षा महाग पडायचा. दुकानदार हातात घेऊन बघायचे, मोठ्या बटणांचं कौतुक करायचे आणि परत ठेवायचे. क्रेटचं काम मिरजेच्या एका माणसानं घेतलं, त्यानं आता दुसरी शेड बांधली. चौतिसांपैकी काही बायका त्याच्याकडे गेल्या, काही घरी बसल्या. "त्यांचंच वाईट वाटतं. नमुना ज्यांनी घासला त्या चौघी तर जाताना माझीच समजूत घालत होत्या."

मी समोरची फाइल बंद केली.

"ते जाऊ दे. मी फोन वेगळ्यासाठी केलाय. ब्रुक्स साहेबांचा नंबर दे बघू. त्यांना सांगायला पायजे, तुमचा आकडा कुठंतरी चुकलाय. मुद्दाम न्हाई म्हणत मी. मोठा माणूस, लांब बसून बघणार, चूक व्हायचीच. पण त्यांना कोण सांगणार, आपणच सांगायला पायजे."

मी उठून जिन्यात आले. दार लावून घेतलं.

"काका, ब्रुक्स नावाचं कोणी नाही. कधीच नव्हतं. तो अहवाल मी लिहिला. नऊ दिवसांत. आकडा कुठूनही आलेला नव्हता, तो आम्ही असाच टाकला होता. ते सत्तेचाळीसावं पान डायपरचं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, की क्रेट म्हणायला पाहिजे. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, कारण माझं पत्र निघायचं होतं." मी रडत होते. "काका, ते सगळं मी केलं."

मला वाटलं, आता शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या.

"पोरी," मगदूम म्हणाले, "हे तुझ्या सरांनी सांगायला लावलं का तुला?"

"नाही हो काका! खरं सांगतेय."

"असू दे, असू दे. रडू नकोस. मोठ्यांनी चुकायचं आणि लहानानं अंगावर घ्यायचं, सगळीकडं हेच चालतं. आमच्या कारखान्यात पण व्हायचं. पण तू कशाला घेतेस? त्या दिवशी एक तूच माझ्याशी सरळ बोललीस. नोकरी सांभाळ. तुझ्यावर माझा राग न्हाई. फक्त एवढं कर. साहेबांना निरोप दे. म्हणावं, आकडा एकदा तपासून बघा. माझ्यासारखा अजून कोणतरी पुस्तक पुढ्यात घेऊन बसला असंल. लिहून घेतेस न्हवं?"

"घेतेय काका," मी म्हटलं, आणि तळहातावर लिहून घेतलं.